चार बोटांची फट

मौनीला जाग आली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि त्याच्या ट्रकचं दार उघडत नव्हतं.

दार बिघडलेलं नव्हतं. ते त्यानंच बांधलं होतं. यार्डात एकटा माणूस झोपला की चोर हाताला लागेल ते उचलतात. गेल्या महिन्यात त्याची चप्पल, चार्जर आणि अर्धा झिजलेला साबण गेला होता. तेव्हापासून तो ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती करायचा: सीट बेल्ट दाराच्या आतल्या मुठीतून ओवायचा आणि खटकन बकलमध्ये अडकवायचा. मग बाहेरून कुणी कितीही किल्ल्या चालवू दे, दार बोटभर उघडतं आणि अडतं. आज पहाटे या कारखान्याच्या यार्डात पोचल्यावर त्यानं तेच केलं, चहाचा पेला केबिनमधल्या, दोन सीटांमधल्या बॉनेटवर ठेवला, पाय लांब केले, आणि पायाचा धक्का लागून पेला थेट बकलावर पालथा झाला. चहात साखर तीन चमचे. उठल्यावर पुसू, म्हणून मौनी झोपला.

चार तास केबिनवर ऊन तापलं. चहातलं पाणी उडून गेलं. साखर राहिली.

त्यानं बकलाचं लाल बटण अंगठ्यानं दाबलं. मग दोन्ही अंगठ्यांनी. मग टाचेनं. बटण दगड झालं होतं. बेल्ट गुंडाळणारी चकती तर ऊन चढलं की अडकायचीच, त्यामुळे पट्टा सैलही होईना.

बाहेर पडायचे बाकीचे रस्ते असे होते:

क्लिनर साइडचं दार. चार वर्षांपूर्वी एका गेटला घासलं आणि कायमचं बसलं. दुरुस्त करायचं राहिलं, कारण त्याच सुमारास मालकानं क्लिनर देणं बंद केलं. ज्या दारातून कुणी चढायचंच नाही, ते दुरुस्त करून करायचं काय?

क्लिनर साइडची काच. तिची फिरवायची मूठ काढून ड्रायव्हर साइडला बसवलेली, कारण ड्रायव्हर साइडची तुटली होती.

ड्रायव्हर साइडची काच. उसनी मूठ बसवल्यावर दोन महिन्यांनी रुळावरून सुटली, तिरकी झाली आणि वर चार बोटांची फट ठेवून चौकटीत रुतली.

हत्यारांची पेटी. बाहेर, चासीला, कुलपात.

म्हणजे जगाशी व्यवहार करायला चार बोटांची फट उरली होती. दुसऱ्या कुणाचं यानं फारसं अडलं नसतं. पण हा मौनी. हे नाव त्याला रांगेतल्या ड्रायव्हरांनी ठेवलं होतं, आणि त्यावरसुद्धा तो काही बोलला नव्हता.

आणि आज वेळ घालवून चालणार नव्हतं. दोन वर्षांनी लेक घरी आली होती, दहा दिवसांसाठी. त्यातले नऊ दिवस हा रस्त्यावरच होता. उद्या, रविवारी, दुपारी चारच्या बसनं ती परत जाणार. यार्डात माल उतरवणं शनिवारी पाचला थांबतं ते एकदम सोमवारी सुरू होतं. आज पाचच्या आत गाडी खाली झाली तर उद्या दुपारी घर. नाही झाली तर लेक पुन्हा दोन वर्षांनी.

बाहेर गेलं: एक हात, मनगटापर्यंत

हात बराच वेळ फटीतून हलत होता. शेवटी मागच्या ट्रकमधला ड्रायव्हर खाली उतरला. त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तो बंद होत नसे.

"काय मौनी, निवडणुकीला उभा राहिलास काय? सगळ्यांना हात दाखवतोयस!"

मौनीनं घसा खाकरला. गेल्या तीन दिवसांत तो एकच शब्द बोलला होता, टोलनाक्यावर, आणि तो शब्द 'हं' होता.

"दार," तो म्हणाला.

"दाराचं काय?"

"उघडत नाही."

"मग त्या बाजूनं उतर."

"तेही नाही."

"काच खाली घे."

"एवढीच."

रेडिओ पायरीवर चढला आणि त्यानं फटीला डोळा लावला. ओवलेला पट्टा बघितला, बकल बघितलं, त्यावर फिरणाऱ्या मुंग्या बघितल्या.

"अरे बापरे," तो आनंदानं म्हणाला, "तू तर बरणीतल्या मुंगळ्यासारखा अडकलायस!" आणि लगेच मागे वळून साऱ्या यार्डाला ऐकू जाईल असं ओरडला, "या रे या! मौनी बोलला!"

आत आलं: एक पेचकस, एक पक्कड, चार पाने आणि सल्ले

सात ड्रायव्हर जमले. एकानं पेचकस दिला. मौनीनं बकलात खुपसून बघितला, मुंग्या तेवढ्या वैतागल्या. दुसऱ्यानं पक्कड दिली. तिनं त्यानं पलीकडच्या काचेचा दांडा फिरवला. दांडा छान फिरला. फिरतच राहिला. काच जागची हलली नाही. मग बकलाचा बोल्टच खोलायचं ठरलं, तर बोल्टाचं डोकं निघालं चांदणीसारखं, आणि चांदणीचा पाना सातांपैकी एकाकडेही नव्हता.

"बेल्ट कापून टाक," कुणीतरी म्हणालं. "नाहीतर काच फोड. कशाला एवढं?"

सगळ्यांनी एकदम आतल्या गेटकडे बघितलं. तिथे सेफ्टीवाले साहेब उभे असत. त्यांच्या पाठीमागे फळा होता आणि फळ्यावर त्यांच्याच हस्ताक्षरात होतं: *बेल्ट तुटका, गाडी अनफिट. काच फुटकी, गाडी अनफिट. अनफिट गाडीचा माल उतरणार नाही. विनंती करू नये.*

"मालकाला फोन कर."

"मेसेज केला," मौनी म्हणाला.

"मग?"

"मिस्त्री सोमवारी पाठवतो म्हणाला."

बाहेर गेले: मालाची बिल्टी, लायसन, गाडीचे कागद

"तू बस निवांत," रेडिओ म्हणाला. मौनीला दुसरा काही इलाजही नव्हता. "मी तुझं माल उतरवायचं टोकन काढून आणतो."

दहा मिनिटांनी कागद जसेच्या तसे फटीतून परत आत आले.

"टोकनच्या खिडकीवरच्या बाई ऐकत नाहीत. म्हणतात, ड्रायव्हर स्वतः खिडकीसमोर हजर पाहिजे. मी म्हटलं, बाई, तो अडकलाय. तर म्हणतात, सगळेच अडकलेत, पुढचा! आणि आता एक ते दोन खिडकी बंद."

आत आलं: काही नाही. बाहेर गेलं: काही नाही.

एकला भोंगा झाला आणि यार्ड रिकामं झालं. गाडीत अडकलेल्या माणसाची गंमत जेवणाच्या सुट्टीपर्यंतच टिकते. रेडिओसुद्धा गेला.

मौनी बसून राहिला. समोर एका ट्रकचं ढुंगण होतं आणि त्यावर 'पुन्हा भेटू' असं लिहिलेलं होतं. शेजारच्या सीटवर त्याचा रोजचा सोबती बसला होता: एक स्टोव्ह, त्यावर पातेलं, त्यावर वळकटी. लांबून बघितलं की माणूसच वाटे. त्या सीटच्या बेल्टवरचं कारखान्यातलं प्लास्टिक अजून तसंच होतं. क्लिनर होते तेव्हा त्यांनीही तो कधी लावला नव्हता, आणि नंतर लावायला कुणी राहिलंच नाही.

फोन वाजला. लेक.

"बाबा, झाली का गाडी खाली?"

"होतेच आहे."

"म्हणजे उद्या दुपारपर्यंत नक्की ना?"

"हं."

"सगळं ठीक आहे ना?"

"हं."

ती थोडा वेळ थांबली. बाप आणखी काही बोलेल असं तिला वाटलं असावं. त्यालाही तसंच वाटलं होतं.

"बरं, मग ठेवते."

बोलणं बावीस सेकंदांचं झालं, असं फोननं स्वतःहून सांगितलं.

आत आला: एक आवाज

"पुढचा!"

मौनी दचकला. दोन वाजून गेले होते आणि फटीपलीकडे चष्मा लावलेल्या, पन्नाशीच्या, बुटक्याशा बाई पायरीवर टाचा उंचावून उभ्या होत्या. चेहरा अनोळखी, आवाज मात्र त्यानं लगेच ओळखला. गेली सहा वर्षं तो या आवाजापुढे कागद सरकवत आला होता. टोकनच्या खिडकीला छोटंसं भोक होतं. त्यातून त्याला बाईंची फक्त बोटं दिसत.

"तुम्हीच का ते?" बाई म्हणाल्या. "मला माणसं शर्टाच्या तिसऱ्या बटणावरून ओळखू येतात. खिडकीच तेवढ्या उंचीवर आहे. तुमचं तिसरं बटण सहा वर्षं तुटकं आहे."

मौनीनं खाली बघितलं. तुटकं होतं.

"नियम वाचला मी पुन्हा," बाई म्हणाल्या. "ड्रायव्हर खिडकीसमोर हजर पाहिजे, एवढंच आहे. कुठली खिडकी ते लिहिलेलं नाही. कागद द्या."

कागद बाहेर गेले. बाईंनी ते ट्रकच्या दारावर टेकवून त्यावर शिक्का मारला. आत आलं टोकन, नंबर सतरा.

"उपकार झाले," मौनी म्हणाला. हे दोन शब्द अधिकचे होते.

"उपकार कसले! आठ तास त्या डब्यात बसून असते. कुणाकडे चालत जायला निमित्त मिळालं."

बाहेर गेला: एक फोटो

रांग हलली. गाडी चालवायला मौनीला काहीच अडचण नव्हती. अडचण सगळी उतरण्यात होती. आतल्या गेटवर सेफ्टीवाले साहेब दिसताच तो खाली सरकला, मान वाकवली, पोट आत घेतलं आणि दार ते बकल अशा ताणलेल्या पट्ट्याखाली शिरला. पट्टा बेंबीवरून करकचून गेला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस बेल्ट लावून बसलाय.

साहेब पायरीवर चढले, फटीतून आत डोकावले आणि थबकले.

"तुम्ही... रांगेत उभे होता ना? गाडी बंद होती ना? तरी बेल्ट?"

"हं."

"कधीपासून?"

"पहाटेपासून," मौनी खरं तेच बोलला.

साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. अकरा वर्षं ते बेल्ट, बेल्ट म्हणून घसा कोरडा करत होते. त्यांना पाठमोरं बघून ड्रायव्हर लोक काय करतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"उतरा खाली. तुमचा फोटो काढू. महिन्याचा सुरक्षित चालक म्हणून फळ्यावर लावतो."

"नको साहेब."

"अहो, लाजता काय?"

"राहू द्या साहेब."

"बघा! बघा, माणूस कसा असावा!" साहेब रखवालदाराला म्हणाले. त्यांनी समोरच्या काचेतूनच फोटो काढला आणि तिथल्या तिथे वरच्या ऑफिसला पाठवला. फोटोत मौनीनं श्वास रोखून धरला होता. चेहऱ्यावर विलक्षण निर्धार दिसत होता.

साडेतीन. माल उतरवायचा धक्का.

"उतरा आता," मागोमाग चालत आलेले साहेब प्रेमानं म्हणाले. "माल उतरताना ड्रायव्हर केबिनच्या बाहेर पाहिजे. नियम तुम्हाला मी काय सांगायचा!"

मौनीनं पट्ट्याकडे बघितलं.

"उतरताय ना?"

"उतरता येत नाही, साहेब."

"का?"

"बेल्ट लावलाय."

"मग काढा."

"निघत नाही."

साहेब पुन्हा पायरीवर चढले. या वेळी त्यांनी नीट बघितलं. पट्टा दाराच्या मुठीतून ओवलेला. बकलावर मुंग्यांची जत्रा. खाली सुकलेल्या चहाचा नकाशा. ते हळूच खाली उतरले. एकदा मोबाइलकडे बघितलं. वरून उत्तर आलं होतं: *शाबास. हा फोटो सगळ्या यार्डांना पाठवत आहोत.*

"मी कापतो, साहेब," रेडिओ सुरी घेऊन पुढे झाला. तो कुठेही पोचत असे. "गाडी अनफिट तर अनफिट!"

"खबरदार!" साहेब ओरडले. "त्या बेल्टाला हात लावायचा नाही! फोटो वरपर्यंत गेलाय!"

आता पेच पूर्ण झाला. बेल्ट कापता येत नव्हता कारण तो आदर्श होता. ड्रायव्हर आत ठेवून माल उतरवता येत नव्हता कारण नियम होता. साहेबांनी कारखान्यातून दोन इंजिनीअर बोलावले. इंजिनीअरांनी बकलाचं चित्र काढलं. चित्र सुरेख झालं. घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर आलं.

फोन पुन्हा वाजला. मौनीनं तो उचलला, आणि का कोण जाणे, त्याच्या तोंडून नेहमीचं 'हं' निघेना.

"बाबा? काय झालं?"

"ताई," रेडिओनं फटीला तोंड लावून हाक दिली, "तुझा बाप पहाटेपासून गाडीत कोंडलाय! चहा सांडून बेल्ट चिकटलाय! आम्ही सात ड्रायव्हर, दोन इंजिनीअर आणि एक साहेब आहोत, पण काही होत नाहीये!"

पलीकडे खुसपूस झाली. फोन मौनीच्या बायकोनं घेतला.

"अहो, चहात साखर किती होती?"

"तीन चमचे."

"दोनच घालत जा म्हटलं होतं ना! बरं, मधाच्या बाटलीचं झाकण असं साखरेनं घट्ट बसतं, तेव्हा मी काय करते?"

"काय करतेस?"

पलीकडे एक भांडं ओट्यावर आपटलं.

"सव्वीस वर्षं झाली आपल्या लग्नाला," बायको म्हणाली.

"हं."

"गरम पाणी ओतते."

सात ड्रायव्हर, दोन इंजिनीअर आणि एक साहेब यांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आत आलं: गरम पाणी, नळीतून

स्टोव्ह पेटवायला यार्डात बंदी. गरम पाणी सापडलं टोकनवाल्या बाईंच्या थर्मासमध्ये. थर्मास फटीत मावेना. मग ऑइल भरायचं नरसाळं आलं, कुणाच्या तरी गाडीतून हातभर नळी आली, आणि बाईंनी इंजिनीअरांना बाजूला सारून धार धरली. मौनी आत बकलावर वाकून नळीचं टोक धरून बसला. बाहेर रेडिओ दाराच्या कडीला लोंबकळून ओढत होता.

"झालं का?"

"नाही."

"आता?"

"थांब जरा. मुंग्या उतरतायत."

*टक.*

आवाज इतका बारीक होता की तो फक्त मौनीला ऐकू आला. रेडिओला तो ऐकू आला नाही. त्याला दार उघडल्याचं कळलं ते कडीसकट हवेतून अर्धा गोल फिरून साहेबांच्या अंगावर पडल्यावर.

टाळ्या पडल्या. मौनी खाली उतरला. पाय ताठरले होते. त्यानं सगळ्यांशी एकेक करून हात मिळवला, इंजिनीअरांशीसुद्धा.

पाचला सात मिनिटं कमी असताना गाडी खाली झाली. निघताना बाईंनी थर्मास पुन्हा भरून त्याच्या हातात दिला.

"असू द्या वाटेत. पुढच्या खेपेला परत करा. आणि खिडकीतून देऊ नका, मावायचा नाही. बाजूला दार आहे, ते वाजवा."

बाहेर गेला: रविवार

साडेबारा वाजता मौनी घरी पोचला. लेकीनं दार उघडलं. तो "आलो" म्हणाला. जेवला. मग लेकीशी बोलायचं म्हणून खुर्चीत नीट सरसावून बसला, पाठ टेकली, आणि डोळे उघडले तेव्हा सव्वातीन वाजले होते.

समोर लेकीची बॅग भरून तयार होती. लेक शेजारीच स्टुलावर बसली होती.

"उठवलं का नाही मला?" मौनी जवळजवळ ओरडला.

"आई म्हणाली, झोपू दे. आणि तुमचं घोरणं ऐकून दोन वर्षं झाली होती."

मौनीनं घड्याळाकडे बघितलं. मग बायकोकडे. बायकोनं त्याच्या हातात थर्मास दिला, गच्च भरलेला, कढत. "पुन्हा अडकलात तर," ती म्हणाली. लेकीच्या देखतच तिनं तो भरला होता.

"बाबा," लेक म्हणाली, "मला स्टँडवर तुम्हीच सोडा. ट्रकनं."

आत आली: लेक

तिला ड्रायव्हरच्या दारातूनच चढावं लागलं, बॉनेट ओलांडून. स्टोव्ह, पातेलं आणि वळकटी मागे गेली. लेक क्लिनर साइडला बसली, तिनं बेल्टवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि बेल्ट लावला. खटकन आवाज आला. त्या बाजूनं असा आवाज गाडीनं पहिल्यांदाच ऐकला.

घर ते स्टँड अंतर दहा मिनिटांचं. मौनीनं ते पंचवीस मिनिटांत कापलं. त्या पंचवीस मिनिटांत तो म्हणाला, "इथे पूर्वी पंप होता." आणखी बरंच काही त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं, पण प्रत्येक वेळी एक वळण यायचं.

स्टँडबाहेर गाडी थांबली तेव्हा दहा मिनिटं उरली होती. बस समोर दिसत होती. लेकीनं लाल बटण दाबलं.

मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

"बाबा, हे निघत नाहीये."

मौनीनं दाबून बघितलं. खरंच निघत नव्हतं. इतक्या वर्षांची धूळ आणि गंज एकदम जागे झाले होते. कंडक्टर दारात उभा राहून राहिलेल्या प्रवाशांना हाका मारायला लागला.

"गरम पाणी आहे ना?" लेकीनं विचारलं.

मौनीनं बसकडे बघितलं. लेकीकडे बघितलं. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाला,

"संपलं."

म्हणता म्हणता त्याचा पाय ब्रेकवरून सुटला. गाडी पाऊलभर पुढे सरकून थांबली, सीटखालचा थर्मास गडगडत बाहेर आला आणि लेकीच्या पायाशी आडवा पडला. आतलं पाणी डुबूक डुबूक करत बराच वेळ हलत राहिलं.

लेकीनं थर्मासकडे बघितलं. मग बापाकडे बघितलं. बापाचे कान लाल झाले होते.

"हो," ती म्हणाली, "संपलेलं दिसतंय." तिनं पायानं थर्मास हळूच सीटखाली सारला. "पुढची बस कितीला आहे?"

"सहाला."

"मग काय करणार!" लेक मागे रेलली. चारची बस धूर सोडत त्यांच्या समोरून निघून गेली. "तर बाबा, काल नक्की काय झालं? मला नीट पहिल्यापासून सांगा."

मौनीनं गाडी बंद केली. घसा खाकरला.

"मला जाग आली," तो म्हणाला, "तेव्हा साडेदहा वाजून गेले होते..."